रोज दोनदा आंघोळ करूनही अंगाला वास? थोडी माहिती, थोडा अनुभव



व्हिसा, शाळाप्रवेश, इथल्या थंडीत इडलीचे पीठ कसे आंबवावे, असे विषय आपल्या गप्पांत नेहमी येतात. आजचा विषय मात्र कोणी काढत नाही. अंगाला येणारा वास. लिहू की नको असा विचार बरेच दिवस केला. पण ज्यांना ही माहिती हवी आहे ते ती कोणाला विचारणार नाहीत हे मी स्वानुभवाने जाणतो, म्हणून लिहीत आहे.

लीड्सला आल्यावर दुसऱ्या वर्षी ऑफिसात टीम लीडने मला एका छोट्या खोलीत बोलावले. प्रोजेक्टबद्दल काही असेल असे समजून मी लॅपटॉप घेऊन गेलो. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला की शेजारी बसणाऱ्या दोघांनी तक्रार केली आहे. मी रोज सकाळी आंघोळ करूनच घराबाहेर पडणारा माणूस. आमच्या घरी आंघोळीशिवाय चहासुद्धा मिळत नसे. त्या दिवशी घरी येऊन पुन्हा आंघोळ केली, आणि पुढची दोन वर्षे दिवसातून तीनदा करत राहिलो. उपयोग शून्य. अंग मात्र खाजायला लागले.

तर सांगायचा मुद्दा असा, की स्वच्छ राहूनही वास येत असेल तर आणखी घासणे हा उपाय नव्हे. कारण शोधणे हा उपाय. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि काय झाले ते लिहून ठेवतो. इथेही तीच पद्धत चालते. खाली तोच क्रम दिला आहे: साधी कारणे आधी, दुर्मिळ कारण नंतर.

१. घाम आणि वास

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर असलेल्या एक्राइन ग्रंथींतून पाणी आणि क्षार बाहेर येतात, त्याने शरीर थंड होते. काख, जांघ अशा ठिकाणी अपोक्राइन ग्रंथी असतात. त्या वयात येताना काम सुरू करतात. त्यांच्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू ताव मारतात आणि त्यातून वास तयार होतो.

यातले एक महत्त्वाचे संशोधन आपल्या शेजारच्या यॉर्क विद्यापीठातले आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी युनिलिव्हरबरोबर काम करून २०२० साली दाखवले की काखेतल्या 'स्टॅफिलोकोकस होमिनिस' या जिवाणूकडे एक खास एन्झाइम असते आणि घामाचा तो उग्र, कांद्यासारखा वास त्यातून तयार होतो. काखेतले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी, मोजकेच वास करणारे. म्हणून दोन माणसे सारखीच स्वच्छ असली तरी वास सारखा नसतो. आनुवंशिकताही आहेच. चीन-कोरियाकडच्या बहुसंख्य लोकांत एका जनुकाचा असा प्रकार असतो की त्यांच्या काखेला वास फारच कमी येतो. त्यात त्यांचे काही कर्तृत्व नाही आणि आपला काही अपराध नाही.

२. आधी कपडे आणि घर तपासा

पुष्कळदा वास अंगाचा नसतोच.

*पॉलिएस्टर.* ऑफिसचे न चुरगळणारे शर्ट आणि जिमचे टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचे असतात. घामाचा तेलकट भाग त्यात धरून राहतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरचे कपडे तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरला जास्त उग्र वास आढळला. धुतलेला शर्ट अंगावर गरम होताच दहा मिनिटांत वास मारू लागला तर दोष शर्टाचा. सुती किंवा लोकरीचे कपडे वापरून बघा. लीड्स हे एके काळी लोकरीच्या कापडाचे शहर होते, तेव्हा इथे लोकरीचे वावडे असू नये.

*धुण्याचे तापमान.* ३० अंशांवर धुतल्याने डाग जातात, जिवाणू सगळे जात नाहीत. टॉवेल, बनियन, मोजे ६० अंशांवर धुवा. महिन्यातून एकदा मशीन रिकामे ठेवून गरम पाण्यावर चालवा, रबराच्या कडा पुसा.

*घरात वाळत घातलेले कपडे.* ऑक्टोबर ते मार्च आपण सगळेच रेडिएटरवर कपडे वाळवतो. कपडा दिवसभर ओलसर राहिला की कुबट वास धरतो. खिडकी थोडी उघडी ठेवा किंवा हवेतला ओलावा काढणारे यंत्र लावा.

*फोडणी.* हेअरहिल्सकडच्या जुन्या बॅक-टू-बॅक घरांत स्वयंपाक आणि बैठक बहुधा एकाच खोलीत असते. कोट दाराशी टांगलेले. हिंग, लसूण, कांद्याचा धूर थेट कोटात जातो आणि लोकरीचा कोट वर्षातून एकदाच धुलाईला जातो. कोट, शाळेचे ब्लेझर आणि दप्तरे वरच्या मजल्यावर, दार लावून ठेवा. स्वयंपाक झाल्यावर पंखा आणखी पंधरा मिनिटे चालू राहू द्या.

३. खाणे आणि त्वचा

लसणातली काही गंधकयुक्त द्रव्ये रक्तात मिसळून श्वासातून आणि घामातून बाहेर येतात, म्हणून दात घासूनही तो वास जात नाही. मेथीचे तसेच. बाळंतिणीला मेथीचे लाडू दिले की तिच्या घामाला आणि कधी बाळालाही मेपल सिरपसारखा गोडसर वास येतो. 'मेपल सिरप युरिन डिसीज' नावाचा एक गंभीर आजार आहे आणि मेथीमुळे बाळाला तो असल्याची शंका डॉक्टरांना आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मिडवाइफने विचारले तर मेथी खाल्ल्याचे जरूर सांगा. मात्र बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल असेल तर 'मेथीचाच वास' म्हणून थांबू नका.

त्वचेचे काही साधे विकार वास करतात: तळपायाला बारीक खड्डे पडणे, काखेत किंवा जांघेत तपकिरी-लालसर चट्टे येणे, काखेच्या केसांवर पिवळसर थर जमणे. हे जिवाणूंचे संसर्ग आहेत आणि क्रीमने किंवा औषधाने बरे होतात. स्त्रियांना योनिमार्गातून माशासारखा वास येत असेल तर बहुधा 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' असते. तेही औषधाने बरे होते. आतून साबणाने धुतल्यास उलट वाढते.

घामच फार येत असेल तर डिओडरंट पुरेसे नाही. डिओडरंट वास झाकते, अँटीपर्स्पिरंट घाम रोखते. २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचे औषध फार्मसीत मिळते. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचे आणि सकाळी धुवायचे. आंघोळीनंतर ओल्या अंगाला किंवा दाढीच्या ब्लेडने केस काढल्यावर लगेच लावले तर आग होते. नव्वद टक्के लोक ते सकाळी घाईत लावतात आणि 'चालत नाही' म्हणतात (हा आकडा माझा, थट्टेने घ्यावा).

जीपीकडे लवकर जावे अशी लक्षणे: रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, वजन घटणे, वासात अचानक झालेला बदल, नवीन औषध सुरू केल्यावर वाढलेला घाम, किंवा मुलीला आठ आणि मुलाला नऊ वर्षांच्या आत मोठ्या माणसासारखा घामाचा वास. श्वासाला गोड, पिकल्या फळांसारखा वास आणि बरोबर खूप तहान, उलट्या, जोरात श्वास असे असेल तर ती मधुमेहाची तातडीची अवस्था असू शकते. तेव्हा वाट बघू नका, ९९९ ला फोन करा.

४. मत्स्यगंधा

हे सगळे तपासून झाल्यावर माझा वास तसाच होता. म्हणून मी एक एक्सेल शीट केली: काय खाल्ले, कोणते कपडे घातले, किती चाललो, आणि सौ. ने दिलेले शून्य ते पाच गुण. सहा आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. शनिवारी मी कर्कगेट मार्केटमधून बांगडे आणत असे. आमचे घर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे आठवड्यातून एकदा मासे पाहिजेतच. रविवार आणि सोमवारचे गुण चार-पाच, गुरुवारी एक. आणि वास घामाचा नव्हताच. सौ. ने फार जपून शब्द निवडला, "बाजारासारखा."

महाभारतातली सत्यवती आपल्याला ठाऊक आहे. कोळ्यांच्या घरी वाढलेली, अंगाला माशांचा वास येणारी, म्हणून मत्स्यगंधा. पुढे पराशरांच्या वराने ती योजनगंधा झाली. वसंत कानेटकरांचे, अभिषेकीबुवांच्या संगीताचे १९६४ सालचे नाटकही याच नावाचे. ज्या विकाराबद्दल मी लिहितो आहे त्यावर लिहिताना डॉक्टर मंडळी ही कथा सांगतात. विकाराचे नाव ट्रायमिथिलअमिन्यूरिया.

त्याचे काम असे चालते. काही पदार्थांतील कोलीन आणि समुद्री माशांतील ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड यांपासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथिलअमाइन नावाचा वायू तयार करतात. सडक्या माशाचा वास तो हाच. सर्वांच्याच पोटात तो बनतो. पण यकृतातले 'एफएमओ३' हे एन्झाइम त्याचे वास नसलेल्या पदार्थात रूपांतर करते. ज्यांचे हे एन्झाइम नीट काम करत नाही, त्यांच्या घामातून, श्वासातून आणि लघवीतून तो वायू तसाच बाहेर पडतो. बाहेरून कितीही घासले तरी आतून येणारच.

सहा वर्षांच्या एका मुलीच्या रूपाने हा विकार १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. त्यामागचा जनुकातला दोष १९९७ साली लंडनमधल्या संशोधकांनी दाखवला. दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता. आईवडिलांना स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा नात्यात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, इतकेच ध्यानात ठेवावे.

विकार दुर्मिळ आहे. वास सतत नसतो, येतो-जातो. पाळीच्या सुमारास, ताणात, व्यायामानंतर वाढतो. ज्याला आहे त्याला स्वतःला तो पुष्कळदा जाणवतही नाही.

५. तपासणी कुठे होते?

सुरुवात जीपीकडूनच. पहिल्या डॉक्टरांनी मला अँटीपर्स्पिरंट लिहून दिले आणि चांगली स्वच्छता राखायला सांगितले. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी उभाच राहिलो, कोणाशेजारी बसलो नाही. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांकडे एक्सेल शीटचे दोन कागद घेऊन गेलो. त्यांनी वाचले आणि तपासणी लिहून दिली. म्हणून सांगतो, नोंदी घेऊन जा. विकाराचे नाव कागदावर लिहून न्या. सगळ्या डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेला नसतो.

तपासणी लघवीची असते. त्यात ट्रायमिथिलअमाइन आणि त्याच्या वास नसलेल्या रूपाचे प्रमाण मोजतात. शेफील्डच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत ती होते, आणि मोठ्यांचे नमुनेही तिथे जातात, तेव्हा 'चिल्ड्रन्स' शब्दाने गोंधळू नये. साधारणपणे एक नमुना नेहमीच्या जेवणावर आणि एक समुद्री मासे खाल्ल्यानंतर घेतात. आधीच पथ्य सुरू केले तर निकाल फसवा येऊ शकतो. नमुना कसा ठेवायचा आणि किती वेळात पोचवायचा ते सर्जरीत विचारून घ्या. गरज पडल्यास पुढे जनुकीय तपासणी आणि तज्ज्ञांकडे पाठवणी होते.

माझा निकाल आला: सौम्य, पण नक्की. पत्र हातात घेऊन मी जिन्यात बसून रडलो. दुःखाने नव्हे. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी लिहून दिले होते की हा माणूस अस्वच्छ नाही.

६. उपाय आणि आपले स्वयंपाकघर

विकार बरा करणारे औषध नाही. वास कमी करता येतो.

*मासे.* समुद्री मासे, कोळंबी, सुकट, सुके बोंबील बंद. इथले फिश अँड चिप्समधले हॅडॉक आणि कॉडही त्यातच. गोड्या पाण्यातले मासे चालतात: ट्राउट, रोहू.

*कोलीन जास्त असलेले पदार्थ.* अंडी, कलेजी, शेंगदाणे, सोयाबीन, वाटाणे आणि कडधान्ये, तसेच गाईचे दूध. 'आम्ही शाकाहारी, आमचा काय संबंध' असे म्हणू नये. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचे कूट किती जाते ते मोजून बघा. सगळे एकदम सोडायची गरज बहुधा नसते. कूट अर्धे करा, उसळ रोज न करता दोनदा करा, आणि गुण लिहा. लेसिथिन किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या टाळा.

*कोबी वर्ग.* कोबी, फ्लॉवर, ख्रिसमसचे ब्रुसेल्स स्प्राउट्स यांनी ते एन्झाइम आणखी मंदावू शकते, म्हणून काही तज्ज्ञ कमी करायला सांगतात.

*साबण.* ट्रायमिथिलअमाइन अल्कधर्मी आहे. आम्लाशी जोडले गेले की ते हवेत उडत नाही. आपली आजी माशाला कोकम, चिंच, लिंबू लावायची आणि यॉर्कशायरचा माणूस हॅडॉकवर व्हिनेगर शिंपडतो, त्यामागचे रसायन हेच. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, म्हणजे मी तीनदा साबण लावून वासाला मदतच करत होतो. ५.५ ते ६.५ पीएचचा सौम्य बॉडीवॉश वापरा. लिंबू किंवा व्हिनेगर थेट अंगाला चोळू नका, त्वचा जळते.

*डॉक्टरांच्या सल्ल्याने:* रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, अॅक्टिव्हेटेड चारकोल किंवा कॉपर क्लोरोफिलिन, अधूनमधून अँटिबायोटिकचा छोटा कोर्स. चारकोल इतर औषधेही शोषून घेतो, त्यामुळे मनाने घेऊ नये.

*सावधान:* कोलीन शरीराला आवश्यक आहे. मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी आहारतज्ज्ञाशिवाय असे पथ्य करू नये. शाकाहारी माणसाने डाळी आणि दूध दोन्ही तोडले तर प्रथिने उरतात कुठे, याचाही विचार हवा.

७. वास की भास?

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही लोकांना आपल्याला वास येतो असे ठामपणे वाटते, पण घरच्यांना, डॉक्टरांना, कोणालाच तो येत नाही. समोरच्याने नाकाला हात लावला, खिडकी उघडली, की ते स्वतःवर घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत याचीही स्वतंत्र नोंद आहे. हे नाटक नव्हे आणि वेडही नव्हे. त्यावर समुपदेशन आणि औषधे आहेत. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज सेवेकडे जीपीशिवाय स्वतःही नाव नोंदवता येते. खरा वास असलेल्यांनाही ती उपयोगी पडते. मला पडली.

दोहोंतला फरक ओळखायला एक विश्वासाचा माणूस ठरवा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिवशी त्याने खरे सांगायचे. दर तासाला विचारू नका. त्याने दोघांचेही हाल होतात.

८. घर, शाळा, ऑफिस

घरच्यांना विनंती: "जा, आंघोळ कर" हे वाक्य बंद करा. सांगायचे असेल तर एकट्याला, एकदाच, आणि पुढे "आपण डॉक्टरांकडे जाऊ" हे जोडून.

मुलाला शाळेत चिडवत असतील तर दोन गोष्टी वेगळ्या करा. खरोखर वास असेल तर वरील क्रमाने कारण शोधा. 'करी'च्या नावाने चिडवत असतील तर तो वंशद्वेष आहे, त्यात मुलाची आंघोळ आणू नका. शाळेला लेखी कळवा. मुलांची छळवणूक रोखण्याची व्यवस्था ठेवणे इथल्या सरकारी शाळांना कायद्याने बंधनकारक आहे.

ऑफिसात निदानाचे पत्र असल्यास एचआरला देण्याचा विचार करा. दीर्घकाळचा आणि रोजच्या जगण्यावर बराच परिणाम करणारा विकार इक्वालिटी ॲक्ट २०१० खाली अपंगत्वात बसू शकतो, आणि मग वाजवी बदल मागता येतात: खिडकीजवळची जागा, छोटा पंखा, काही दिवस घरून काम. मी माझ्या टीमला दोन वाक्यांत सांगून टाकले. एक जण म्हणाला, "अरे, आम्हाला वाटले तू गरम पाणी वाचवतोस." सगळे हसले, मीही हसलो.

आईला सांगणे सगळ्यात कठीण गेले. दर वर्षी येणाऱ्या पार्सलात सुक्या बोंबलांची पुडी असे, चार पिशव्यांत गुंडाळलेली. फोनवर सगळे समजावले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून आणि तुझ्या बाबांकडून गेले होय तुझ्याकडे." मी म्हटले, हो, पण त्यात कोणाची चूक नाही. यंदाच्या पार्सलात बोंबलांऐवजी कोकम आणि आंबोशी होती.

हा लेख माहितीसाठी आहे, उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. चूकभूल द्यावी घ्यावी. कोणाला याबद्दल बोलायचे असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठा. मी बहुधा चहाच्या टेबलाजवळ असतो, आणि हल्ली बसमध्येही बसतो.

कळावे,
मंडळाचा एक सभासद, लीड्स